आइस हॉकीचे रिंक उभारताना : मातीच्या थरापासून पहिल्या बर्फापर्यंत

जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांसाठी देहरादूनमध्ये बंदिस्त, कृत्रिम बर्फाचे पूर्ण आकाराचे रिंक उभे राहिले. स्पर्धा संपल्या आणि विजेचा व देखभालीचा खर्च न पेलल्यामुळे ते एका दशकाहून अधिक काळ बंद पडून राहिले. अखेर दुरुस्ती होऊन २०२५ मध्ये तिथे पुन्हा बर्फ जमला. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे, आपल्या महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले आहे आणि तरीही आपले बहुतेक खेळाडू लडाखमधल्या गोठलेल्या तळ्यांवर, वर्षातले जेमतेम दोन महिने सराव करून तयार होतात. त्यामुळे एक रिंक इतकी वर्षे कोरडे राहणे म्हणजे काय, हे मला आकड्यांत सांगावेसे वाटत नाही.

मी शीतकरणाच्या क्षेत्रात काम करतो आणि कॅनडातील नगरपालिकांच्या रिंकवर माझी बरीच वर्षे गेली आहेत. कॅनडातल्या मराठी घरांतूनही आता शनिवारी पहाटे साडेपाचला मुलांची जड किटबॅग गाडीत टाकून रिंककडे निघणारे पालक दिसतात, आणि त्यांतले काही जण स्थानिक क्रीडा समित्यांवरही असतात. त्यांना, तसेच भारतात असा प्रकल्प हाती घेऊ पाहणाऱ्या संस्थांना आणि अभियंत्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने एका सामान्य, एकाच मैदानाच्या रिंकचे काम पहिल्या बैठकीपासून पहिल्या बर्फापर्यंत कसे चालते, ते येथे क्रमाने मांडतो.

पहिले पाऊल : नकाशाआधी वीजबिल

छप्पर असलेली ही इमारत दिसायला क्रीडासंकुल असली तरी तिची प्रकृती शीतगृहाची आहे, आणि शीतगृह बांधताना आपण जो पहिला प्रश्न विचारतो तोच इथेही विचारायला हवा : हे दररोज चालवणार कोण आणि कशाच्या बळावर? थंड हवामानातही एका मैदानाच्या रिंकला वर्षाला दहा लाख युनिटांच्या आसपास वीज लागू शकते. प्रतियुनिट दहा रुपये धरले तरी तो आकडा एक कोटी रुपयांवर जातो, आणि उष्ण व दमट शहरात तो याहून पुष्कळ वाढतो. म्हणून वास्तुविशारद नेमण्याच्या आधी आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मांडावे. पहाटे आणि संध्याकाळी हॉकी, दुपारी फिगर स्केटिंग आणि शाळांचे वर्ग, शनिवार-रविवारी सर्वसामान्यांसाठी तिकीट लावून स्केटिंग, रात्री उशिरा प्रौढांचे सामने असे तासन्‌तास भरून पाहावेत. माझ्या अनुभवात रिंकला तगवणारा पैसा हॉकीपेक्षा भाड्याचे बूट घालून कठड्याला धरून चालणाऱ्या हौशी लोकांकडून येतो. ते जिथे सहज पोहोचू शकत नाहीत, तिथे कितीही स्वस्त जमीन मिळाली तरी रिंक नेऊ नये.

जागा निवडताना बसथांबा जवळ आहे की नाही हे जितके पाहावे, तितकेच उच्चदाब वीजजोडणी आणि भूजलपातळी हेही पाहावे. शेजारी पोहण्याचा तलाव असेल किंवा होणार असेल, तर तो योग सोडू नये. बर्फातून ओढून काढलेली उष्णता आपल्याला कुठेतरी टाकावीच लागते, आणि तलावाला ती वर्षभर हवी असते. कॅनडातील अनेक सार्वजनिक संकुलांत हे दोन्ही एकाच छपराखाली असतात ते याच हिशोबाने.

दुसरे पाऊल : मापे

उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. आंतरराष्ट्रीय नियमांत लांबी ६० मीटर आणि रुंदी २६ ते ३० मीटर चालते. दोन्हींचे कोपरे गोलाकार असतात. नवीन रिंक बांधणाऱ्याने २६ मीटर रुंदी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक जादा मीटरबरोबर साठ चौरस मीटर बर्फ कायमचा पोसावा लागतो. बर्फाभोवतीचा वावर, कपडे बदलण्याच्या खोल्या, यंत्रखोली आणि दोन-तीनशे प्रेक्षकांच्या बाकांसह इमारत साधारण ३० ते ३५ हजार चौरस फुटांची होते. बर्फावर मध्ये एकही खांब चालत नाही, त्यामुळे छपराची संपूर्ण कमान एका झेपेत न्यावी लागते.

तिसरे पाऊल : जमिनीखालचे थर

सर्व कामांत मी सर्वाधिक वेळ ज्याला द्यायला सांगेन ते हेच, कारण एकदा काँक्रीट पडले की खाली काय आहे ते पुन्हा दिसत नाही. बर्फाखालची माती महिनोन्‌महिने शून्याखाली राहिली तर तिच्यातले पाणी गोठते, खालचे पाणी त्या गोठलेल्या पट्ट्याकडे वर ओढले जाते, बर्फाच्या भिंगासारख्या चकत्या तयार होतात आणि त्या संपूर्ण स्लॅब वर उचलतात. मैदान मध्यभागी फुगते, नळ्यांवर ताण येतो, बर्फ एका जागी दोन सेंटिमीटर तर दुसरीकडे सहा सेंटिमीटर होतो. हे दुखणे जडले की स्लॅब फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्यासाठी खालून वर असे थर घ्यावेत. आधी मुरूम आणि खडी भरून, रोलर फिरवून, पाण्याचा निचरा होईल असा पक्का पाया. त्यावर वाळूचा थर आणि त्यात कोमट ग्लायकॉल (सहजी न गोठणारे द्रव) फिरवणाऱ्या नळ्यांची जाळी. शीतकरण यंत्रणेच्या कंडेन्सरमधून, म्हणजे ओढलेली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातून, वाया जाणारी उष्णता इथे वापरून माती शून्याच्या काही अंश वर ठेवायची. बर्फ जमवण्यासाठी बांधलेल्या मैदानाला खालून ऊब द्यायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते आणि खर्च कमी करण्याच्या बैठकीत पहिली कात्री नेमकी इथेच लागते. ती लागू देऊ नये. या वाळूवर बाष्परोधक पडदा, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर जाडीचे कठीण पॉलिस्टायरीनचे उष्णतारोधक तक्ते, त्यावर स्लॅबला आकुंचन-प्रसरणासाठी सरकता यावे म्हणून प्लास्टिकचा पातळ पदर, आणि मग शीतकरणाच्या नळ्यांसह काँक्रीट.

या नळ्या साधारण एक इंच व्यासाच्या पॉलिथिलीनच्या असतात आणि एकमेकींपासून ९ ते १० सेंटिमीटर अंतरावर सळयांच्या जाळीला बांधतात. २६ मीटर रुंदीत दहा सेंटिमीटरवर एक अशी लांबीभर नळी टाकत गेले, तर एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर भरते. सगळ्या नळ्या एका टोकाला, मैदानाबाहेरच्या खंदकात मोठ्या हेडर पाइपांना जोडतात. त्या वाकवून परत आणताना वळणावर चेपू नयेत, याकडे एका माणसाने दिवसभर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे.

चौथे पाऊल : एका दमात स्लॅब

स्लॅबची जाडी १२५ ते १५० मिलिमीटर असते आणि तो एका दमात, मध्ये जोड न ठेवता टाकायचा असतो, कारण जोडाच्या जागी थंडी सारखी पोहोचत नाही आणि पुढे तिथेच तडा जातो. हे जवळपास दोनशे घनमीटर काँक्रीट आहे, म्हणजे तीसेक मिक्सर एकामागून एक यायला हवेत. ओंटारिओतील एका रिंकच्या स्लॅबच्या दिवशी माझे काम एकच होते : हेडरवरच्या दाबमापकाकडे पाहत राहणे. नळ्यांत हवा भरून दाब कायम ठेवला होता. पहाटे पाचला पहिला मिक्सर मागे लागला, पंपाची सोंड मैदानावर फिरू लागली, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली माणसे नळ्यांवर पाय न देता सळयांवर तोलत चालू लागली. दुपारी दीडच्या सुमारास मापकाचा काटा केसभर खाली आला. काम थांबवले, ओल्या काँक्रीटवर बुडबुडे कुठे येतात ते शोधले, फावड्याने हात-दोन हात जागा मोकळी करून नळीचा सैल झालेला सांधा आवळला आणि वीस मिनिटांत पुन्हा सुरुवात झाली. त्या वेळी नळ्या रिकाम्या असत्या, तर ही गळती पहिल्या हिवाळ्यात सापडली असती, तीही ब्रेकर लावून.

पृष्ठभागाची पातळी हा इथला दुसरा जिव्हाळ्याचा विषय. पाणी आपली पातळी आपणच शोधते. स्लॅब एका कोपऱ्यात एक सेंटिमीटर खोल असेल तर तिथला बर्फ एक सेंटिमीटर जास्त जाड होणार आणि त्या जाडीमुळे पृष्ठभाग मऊ राहणार. म्हणून लेझर लेव्हलवर काम करावे आणि तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट खपवून घेऊ नये. त्यानंतर पुरते २८ दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होणे, होऊ द्यावे. उद्‌घाटनाची तारीख आधी छापून बसलेल्या समित्या या २८ दिवसांवरच डोळा ठेवतात.

कडेच्या फळ्या बसवताना एक सावधगिरी लागते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी फळ्यांचा आधार घट्ट करण्यासाठी ठेकेदाराच्या माणसाने नकाशा न पाहता स्लॅबमध्ये भोक पाडले आणि ते थेट नळीत गेले. नळीतले थंड द्रावण झिरपू लागले आणि तेवढ्या परातीएवढ्या जागेत बर्फ हंगामभर धरला नाही. फळ्यांना धरून ठेवणारे बोल्ट स्लॅब टाकतानाच काँक्रीटमध्ये बसवून घ्यावेत.

पाचवे पाऊल : शीतकरण यंत्रणा

बहुतेक रिंकमध्ये शीतक (यंत्रणेत फिरून उष्णता ओढून नेणारे द्रव्य) थेट नळ्यांत जात नाही. यंत्रखोलीत शीतकाने कॅल्शियम क्लोराइडचे खारे द्रावण किंवा ग्लायकॉल थंड करतात आणि ते साधारण उणे ९ अंशांवर स्लॅबमधून फिरवतात. त्यामुळे बर्फाचा पृष्ठभाग हॉकीसाठी लागणाऱ्या उणे ५ ते ६ अंशांवर राहतो. फिगर स्केटिंगला उणे ३ ते ४ अंशांचा किंचित मऊ बर्फ लागतो. एका मैदानाला थंड हवामानात सुमारे १०० टन क्षमता पुरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी हा हिशोब स्थानिक तापमान घेऊन नव्याने मांडावा. ती क्षमता एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजी दोन किंवा तीन लहान कॉम्प्रेसरांत वाटावी, म्हणजे एक बिघडला तरी बर्फ हातचा जात नाही.

शीतक कोणता निवडावा, हा निर्णय पुढच्या तीस वर्षांचा असतो. जुन्या रिंकमधला आर-२२ ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे जगभर टप्प्याटप्प्याने मोडीत काढला जात आहे. अमोनिया कार्यक्षम, स्वस्त आणि वातावरणाला निरुपद्रवी आहे, पण विषारी आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फर्नी या गावाच्या रिंकमध्ये चिलरच्या (द्रावण थंड करणाऱ्या भागाच्या) जुन्या नळीतून अमोनिया खाऱ्या द्रावणात मिसळला आणि त्या गळतीत तीन कामगारांचा जीव गेला. त्या चिलरमध्ये गळती असल्याचे आधीच लक्षात आले होते. अमोनिया वापरायचाच तर यंत्रखोली बाहेरून दार असलेली आणि सभागृहापासून पूर्णपणे वेगळी असावी, वायूशोधक आणि आपोआप सुरू होणारे निष्कासन पंखे असावेत, प्रशिक्षित चालक नेहमी हजर असावा आणि चिलर बदलण्याची तारीख पहिल्या दिवशीच नोंदवहीत लिहावी. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा हा आता सिद्ध झालेला पर्याय आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगच्या मैदानाचा बर्फ त्यावरच जमवला होता. तिचा दाब फार मोठा असतो, आणि बाहेरची हवा तापली की तिची कार्यक्षमता घसरते, म्हणून उष्ण शहरात तिची निवड तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी.

सहावे पाऊल : छप्पर, भिंती आणि हवा

बर्फापर्यंत पोहोचणारी उष्णता फक्त हवेतून येत नाही. वरचे उबदार छत बर्फाकडे सतत उष्णता फेकत असते, आणि शीतकरणाच्या एकूण भारातला चौथ्या हिश्शाहून मोठा वाटा त्या प्रारणाचा असू शकतो. छताखाली ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा ताणून लावला की हा भार बराच उतरतो. इतक्या कमी पैशांत इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट या इमारतीत मला माहीत नाही.

खरी लढाई मात्र आर्द्रतेशी असते. ओलसर हवा आत शिरली की बर्फावर धुके साचते, काचा घामेजतात, छतावर दव धरते आणि ते थेंब खाली पडून बर्फावर फोड उठतात. छपराच्या पोलादी कैच्या गंजतात ते वेगळेच. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते) २५ अंशांच्या आसपास असतो, आणि बर्फावरच्या हवेचा दवबिंदू शून्याच्या जवळपास आणावा लागतो. साध्या एसीचे हे काम नव्हे. त्यासाठी ओलावा शोषणाऱ्या द्रव्याचे फिरते चाक असलेला डीह्युमिडिफायर लागतो. भिंती आणि छपरातला बाष्परोधक पडदा कुठेही तुटू नये, प्रवेशद्वारांना दुहेरी दारांची ओवरी असावी आणि बर्फ साफ करणारे यंत्र बाहेर नेण्याचे मोठे शटर गरजेपुरतेच उघडावे. कोकणात किंवा गोव्यात कोणी असा प्रकल्प योजत असेल, तर त्याने आपल्या अंदाजपत्रकात शीतकरणाच्या खालोखालची रक्कम इथे ठेवावी.

पाण्याच्या बाबतीत सिएटलचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तिथे १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या सभागृहाचे सुमारे २० हजार टनांचे ऐतिहासिक छप्पर तात्पुरत्या आधारांवर तोलून धरले, खाली खोदकाम करून संपूर्ण नवे रिंक बांधले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ते खुले केले. त्या छपरावरचे पावसाचे पाणी सुमारे ५७ हजार लिटरच्या टाकीत साठवून, गाळून त्याचाच बर्फ करतात. एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाच्या त्या प्रकल्पाची बाकी कशाशीही आपण तुलना करू नये, पण ही टाकी कोणालाही जमण्यासारखी आहे.

सातवे पाऊल : कडे, काचा, खोल्या

कडेच्या फळ्यांची उंची सुमारे १०७ सेंटिमीटर असते. त्यांवर काच येते, आणि गोलांमागे ती बाजूंपेक्षा उंच ठेवतात. २००२ मध्ये अमेरिकेतील कोलंबस शहरात पक (या खेळातली रबराची कठीण चकती) लागून एका तेरा वर्षांच्या प्रेक्षक मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर राष्ट्रीय हॉकी लीगने दोन्ही टोकांना काचेच्या वर जाळी सक्तीची केली. लहान गावच्या रिंकवरही ही जाळी पहिल्या दिवसापासून असावी.

कपडे बदलण्याच्या खोल्या किमान चार हव्यात, कारण दोन संघ बर्फावर असताना पुढचे दोन तयार होत असतात. मुलींसाठी वेगळी सोय त्यांत मोडून-तोडून बसवू नये. जिथे जिथे स्केट घालून चालायचे, तिथे तिथे जाड रबराची फरशी लागते. पॅरा आइस हॉकीचे खेळाडू स्लेजवर बसून खेळतात, म्हणून दारे रुंद आणि उंबरठ्याविना ठेवावीत, आणि राखीव खेळाडूंच्या बाकांसमोरच्या फळ्या पारदर्शक केल्यास स्लेजवर बसल्या जागेवरून खेळ दिसतो.

बर्फ साफ करणारे यंत्र विजेवरचेच घ्यावे. फ्रँक झँबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात पहिले यंत्र बनवले, आणि त्यांचे आडनावच पुढे या यंत्राचे नाव होऊन बसले. गॅसवर चालणाऱ्या यंत्रांतून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतात, आणि बंद सभागृहात धापा टाकत खेळणारी मुले तेच श्वासात घेतात. यंत्राच्या खोलीशेजारी खरवडलेला बर्फ वितळवण्याचा खड्डा करावा आणि त्यालाही कंडेन्सरची उष्णता द्यावी.

आठवे पाऊल : पहिला बर्फ

क्युरिंग संपल्यावर स्लॅब घाईने गार करू नये. द्रावणाचे तापमान दररोज थोडे थोडे उतरवत न्यावे, नाहीतर काँक्रीटला केसासारख्या भेगा पडतात. स्लॅब पुरेसा गार झाला की नळी सोडून मैदान भरायचे नसते. बारीक तुषारांचे फवारे मारत, एक एक मिलिमीटरचा थर गोठवत वर यायचे असते. हे काम रात्री चालते. दोन माणसे लांब दांडीला लावलेले फवारे घेऊन उलट पावली मैदानभर चालतात, तिसरा माणूस त्यांच्या मागे नळी ओढत राहतो, आणि टाकलेले पाणी काही मिनिटांत राखाडी होऊन मग निखळ चमकू लागते. पहिल्या एक-दोन थरांवर पाण्यात कालवलेला पांढरा रंग फवारतात, कारण उघड्या काँक्रीटवर काळा पक दिसत नाही. तो रंग पातळ थराने बंद केल्यावर रेषा आखतात : मधली तांबडी आणि दोन्ही निळ्या रेषा ३० सेंटिमीटर रुंद, गोलरेषा ५ सेंटिमीटर. दोऱ्या ताणून, गुडघ्यावर बसून ब्रशने भरलेल्या त्या रेषा पुन्हा पाण्याच्या थरांनी झाकतात आणि एकूण जाडी २५ ते ३५ मिलिमीटरपर्यंत आणतात. ३० मिलिमीटरच्या बर्फाला सुमारे ४२ हजार लिटर पाणी लागते. ते शक्यतो आरओतून काढलेले असावे. क्षार जास्त असले की बर्फ ढगाळ आणि ठिसूळ होतो.

रोजच्या सफाईत मात्र सुमारे ६० अंशांचे गरम पाणी वापरतात. त्यात विरघळलेली हवा कमी असते, ते वरच्या ओरखड्यांना किंचित वितळवून त्यांत मुरते आणि जुन्या बर्फाशी एकजीव होऊन गोठते. या पाण्याची उष्णताही शेवटी कॉम्प्रेसरलाच ओढून काढावी लागते, म्हणून किती पाणी सोडायचे ते चालकाला नीट शिकवावे.

याच आठवड्यात जाडी मोजण्याची वहीही सुरू करावी. मैदानाच्या नकाशावर पंचवीस-तीस ठरलेले बिंदू काढून ठेवावेत, दर सोमवारी सकाळी हातड्रिलने तिथे भोक पाडून जाडी मोजावी आणि लगेच पाण्याचा थेंब टाकून ते बुजवावे. ड्रिलच्या पात्यावर ३० मिलिमीटरला टेप गुंडाळून ठेवावी, म्हणजे पाते कधी नळीपर्यंत जाणार नाही. बहुधा गोलांसमोर बर्फ पातळ आणि फळ्यांच्या कडेने जाड झालेला आढळतो. त्याप्रमाणे त्या आठवड्यात कुठे खरवडायचे आणि कुठे पाणी द्यायचे, हे सोमवारीच वहीत लिहून यंत्रचालकाची सही घ्यावी.